रूट नावाचे गृहस्थ

पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची मला लहानपणापासून खोड आहे. रहस्यकथेतला खुनी एकदा कळला, की बाकीचं पुस्तक कसं निर्धास्तपणे वाचता येतं. या खोडीपायी मी घरच्यांची पुष्कळ बोलणी खाल्ली. पण पुढे बँकेत चिकटलो आणि तीच खोड पोटापाण्याच्या उपयोगी पडली. बँकेत कुठलाही कागद खालून वर वाचायचा असतो. अर्जदारानं वर आपल्या परिस्थितीचं कितीही हृदयद्रावक वर्णन केलेलं असो, आमची नजर आधी तळाशी जाते. सही आहे का? नमुन्याशी जुळते का? ‘तयार करणार’ आणि ‘तपासणार’ या दोन्ही ठिकाणी इनिशियल आहेत का? असतील तर तो कागद, नसतील तर रद्दी.

हे सांगायचं कारण असं, की गेल्या पावसाळ्यात याच खोडीपायी माझी रूट नावाच्या एका गृहस्थांशी ओळख झाली.

आमच्या वरच्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळी इमारत त्यांना ‘सर’ म्हणते आणि त्यांच्या पत्नीला ‘काकू’. सरांनी तीस वर्षं बी. एस्सी.च्या मुलांना बीजगणित शिकवलं. त्याची टिपणं १९९८ साली त्यांच्या एका विद्यार्थ्यानं संगणकावर टाइप करून दिली आणि गुरुदक्षिणा फिटली असं समजून तो अमेरिकेला निघून गेला. टिपणं एका तबकडीत पडून राहिली. आता पंच्याहत्तरी उलटल्यावर सरांच्या मनानं घेतलं, की ही विद्या फुकट वाटून टाकावी. माझा भाचा इंजिनियरिंगला आहे. त्यानं ती टिपणं इंटरनेटची पानं करून चढवायचं पत्करलं. मला वाटलं, आपलं काम भाच्याची ओळख करून देण्यापुरतं. पण सर जिना उतरून खाली आले.

“तुम्ही बँकेतले. तुम्हाला ताळा करायची सवय. टाइप केलेली प्रत माझ्या मूळ वह्यांशी ताडून पाहा. गणित कळायची काही गरज नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी जरा जास्तच खात्रीनं उच्चारलं. मी बी. कॉम. आहे हे त्यांना माहीत होतं.

टिपणं ज्या भाषेत टाइप केली होती तिचं नाव लेटेक. मी आयुष्यभर ‘लॅटेक्स’ म्हणजे रबराचा चीक समजत होतो. भाच्यानं सांगितलं, “मामा, शेवटचं अक्षर एक्स नाही, ग्रीक लिपीतलं ‘खी’ आहे.” या भाषेची जन्मकथा मात्र मला फार आवडली. डोनाल्ड नुथ नावाचे अमेरिकन प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. खिळ्यांची छपाई जाऊन तेव्हा फोटोवरची जुळणी आली होती. नव्या जुळणीतली गणितं नुथसाहेबांना इतकी कुरूप दिसली, की त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि अक्षरं जुळवणारा कार्यक्रमच स्वतः लिहायला घेतला. त्याचं नाव टेक. थोड्याच दिवसांचं काम म्हणून हाती घेतलेल्या या प्रकरणात त्यांची दहाएक वर्षं गेली. घराला रंग द्यायला काढलेला माणूस भिंती पाडून बसतो, तशातला प्रकार! पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर सोपा साज चढवला, तो लेटेक. जगभरचे गणिती आणि पदार्थवैज्ञानिक आपले प्रबंध त्यातच लिहू लागले.

मग स्वित्झर्लंडमध्ये सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि दोन वर्षांत ती जगासाठी खुली केली. आता पंचाईत अशी, की विद्वानांचं सगळं लिखाण लेटेकमध्ये आणि वेबला कळते एचटीएमएल नावाची भाषा. मध्ये दुभाषा हवा. तो १९९३ साली इंग्लंडातल्या लीड्स विद्यापीठात निकोस ड्राकोस या गृहस्थांनी तयार केला. नाव ठेवलं ‘लेटेक-टू-एचटीएमएल’. काय करतो ते नावातच सांगून टाकणारं हे नाव म्हणजे ‘नागपूर-मुंबई एस्टी’च! अख्खा ग्रंथ घ्यायचा, प्रकरणाप्रकरणानुसार त्याची पानं पाडायची, प्रत्येक पानावर ‘पुढे’, ‘वर’, ‘मागे’ अशी बटणं लावायची आणि जी समीकरणं वेबला लिहिता येत नाहीत त्यांची सरळ चित्रं काढून चिकटवायची. सरांच्या फायली विद्यार्थ्यानं याच अवजाराच्या बेतानं लिहिल्या होत्या, म्हणून भाच्यानं तेच वापरलं.

आणि हे अवजार न सांगता आणखी एक काम करतं. सगळ्यात शेवटी स्वतःहून एक जादा पान जोडतं. त्याचं शीर्षक ‘या दस्तऐवजाविषयी’ आणि पुढे तीन टिंबं. जणू सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आता नको!

मी अर्थातच तेच पान आधी वाचलं. मजकुराचा आशय असा : हा दस्तऐवज अमुक आवृत्तीच्या लेटेक-टू-एचटीएमएलनं तयार केला, १९९३ ते १९९६चे हक्क निकोस ड्राकोस, लीड्स विद्यापीठ यांचे, १९९७ ते १९९९चे हक्क रॉस मूर, गणित विभाग, मॅक्वारी विद्यापीठ, सिडनी यांचे, आज्ञा दिली ती अशी अशी, आणि सरतेशेवटी – हे भाषांतर अमुक तारखेला ‘रूट’ यांनी सुरू केलं.

“हे रूट कोण?” मी विचारलं. भाचा चहा घेत होता, त्यामुळे उत्तर आलं नाही. मीही नमुना म्हणून इतरांची अशी पानं पाहायला लागलो. कुणाची भूगर्भशास्त्राची टिपणं, शेवटी रूट. कुठल्या विद्यापीठाची प्रकाशशास्त्राची टिपणं, शेवटी रूट. मला या माणसाविषयी अपार आदर वाटायला लागला. आमच्याकडे माणूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदलला तरी सहा महिने गोंधळलेला असतो. आणि हे गृहस्थ खडकांपासून किरणांपर्यंत काय वाटेल त्याचं भाषांतर करीत बसले होते. डोळ्यांसमोर चष्मा लावलेले, पाइप ओढणारे, अविवाहित असे मि. रूट उभे राहिले. एवढं काम विवाहित माणसाकडून होणं शक्य नव्हतं.

भाच्याला मी हे सांगितल्यावर त्याचा चहा सांडला.

“मामा, रूट हा माणूस नाही! युनिक्सच्या संगणकाचा तो मुख्य अधिकारी. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. आळशी लोक आपल्या नावानं न शिरता त्याच्याच नावानं आत शिरतात आणि काम करतात. मग या पानावर त्याचंच नाव उमटतं.”

“म्हणजे हेड कॅशिअर?”

“चेअरमन म्हण!”

“सगळ्या किल्ल्या एकट्याकडे?”

“हो.”

मी हादरलो. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसं. एकट्याला उघडताच येत नाही. सगळ्या किल्ल्या एकाच्या खिशात, आणि त्याच्या नावानं कुणीही सोमागोमा आत शिरतो, हे आमच्या ऑडिटरनं ऐकलं असतं तर त्याला तिथेच पाणी मारावं लागलं असतं. शिवाय इथे आत शिरलेला सोमागोमा कोण, तेही उघड होतं. तो समोर बसून चहा पुसत होता.

“म्हणजे सरांच्या तीस वर्षांच्या मेहनतीखाली आता रूटची सही राहणार?”

“छे! हे पान बदलता येतं,” भाचा म्हणाला. “तीन प्रकार आहेत. आज्ञेत ‘इन्फो’ शब्दापुढे शून्य दिलंस तर पानच निघत नाही. काहीच केलं नाहीस तर हा ठरावीक मजकूर. आणि आपला मजकूर दिलास तर याच्या जागी तो. बोल, काय करू? मी तर म्हणतो शून्य. कोण वाचतंय शेवटचं पान?”

‘कोण वाचतंय’ हे त्यानं मला विचारावं! मी दोन दिवसांची मुदत मागितली. आणि ग्रंथालयात जाऊन बसल्यावर ध्यानात आलं, की शून्य, ठरावीक किंवा आपला मजकूर, हा प्रश्न ड्राकोससाहेबांच्या आधी हजारेक वर्षं लोकांना पडत आला आहे.

शून्यवाल्यांचा शिरोमणी म्हणजे खुद्द गुटेनबर्ग. जर्मनीतल्या माइन्त्स गावी त्यानं १४५५च्या सुमाराला बायबल छापलं. त्यावर छापणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाही, साल नाही. त्यानं छापलेल्या एकाही पुस्तकावर त्याचं नाव नाही. ते बायबल केव्हा पुरं झालं याचा पत्ता लागतो तो एका प्रतीत तांबडी अक्षरं भरून बांधणी करणाऱ्या माणसामुळे. हाइन्रिश क्रेमर नावाच्या त्या पाद्र्यानं आपलं काम संपल्यावर, १४५६च्या ऑगस्टची तारीख घालून, हातानं नोंद करून ठेवली. मालकानं शून्य घातलं, पण बाइंडरनं ‘तपासलं’ म्हणून इनिशियल केलं. त्यावर आज विद्वान जगतात.

पण बँकवाल्याला हर्ष व्हावा असा भाग पुढेच आहे. या धंद्याला भांडवल दिलं होतं योहान फुस्ट नावाच्या सावकारानं. १४५०मध्ये ८०० गिल्डर, १४५२मध्ये आणखी ८००. व्याज शेकडा सहा. (दर वाजवी वाटतो. तारण काय, तर यंत्रसामग्री.) १४५५ साली हप्त्यांचं बिनसलं आणि फुस्टनं दावा लावला. निकाल बव्हंशी सावकाराच्या बाजूनं गेला. मग फुस्टनं पेटर शॉफर या गुटेनबर्गच्याच माणसाला हाताशी धरून १४५७च्या ऑगस्टमध्ये स्तोत्रांचं एक देखणं पुस्तक काढलं, आणि त्याच्या शेवटी मजकूर छापला : हे पुस्तक लेखणी न चालवता छपाईच्या युक्तीनं, अमुक दिवशी, फुस्ट आणि शॉफर यांनी पुरं केलं. छापलेल्या तारखेसह निघालेला युरोपातला हा पहिला असा मजकूर. म्हणजे पाहा, कर्ज घेणाऱ्याचं नाव कुठेच नाही आणि कर्ज देणाऱ्याचं नाव इतिहासात छापून! या घटनेची तसबीर प्रत्येक बँकेच्या कर्ज विभागात लावायला हरकत नाही. मात्र दैवाचा न्याय असा, की त्या मजकुरात स्तोत्रं या अर्थाच्या लॅटिन शब्दाची पहिली दोन अक्षरं उलटी पडली. ‘प्स’च्या जागी ‘स्प’. अख्खं पुस्तक नेटकं, आणि चूक झाली ती नेमकी सहीच्या कागदात.

ठरावीक मजकुराचे भक्त म्हणजे सरकार. १८५७च्या धामधुमीला दहा वर्षं झाल्यावर, १८६७ साली, इंग्रज सरकारनं छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव, छपाईचं ठिकाण, प्रकाशकाचं नाव आणि गाव असलंच पाहिजे. नसलं तर दंड किंवा कैद, नाहीतर दोन्ही. सरकारदरबारी पानं किती, प्रती किती, किंमत काय, तेही कळवायचं. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत ‘हे पुस्तक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केलं’ अशी जी बारीक ओळ दिसते, ती वाचून मला नेहमी वाटे, केवढी ही मुद्रकाची कदर! कदर कसली? आक्षेपार्ह काही निघालं तर कुणाच्या दारावर थाप मारायची, एवढीच ती चौकशी. बँकेतल्या इनिशियलसारखीच. आमच्या व्हाउचरवर माझं इनिशियल असतं ते माझा गौरव म्हणून नव्हे. फरक निघाला तर धरायला मान सापडावी म्हणून. हा कायदा दीडशेवर वर्षं टिकला. २०२३च्या नव्या कायद्यानं १ मार्च २०२४ पासून त्याची जागा घेतली आणि तोही नियतकालिकांपुरताच आहे. पुस्तकं त्यातून सुटली. खिळे जुळवणाऱ्याचं नाव मात्र या कुठल्याच कायद्यानं कधी विचारलं नाही.

आणि तिसरे, आपला मजकूर घालणारे. इथे मला खरी माणसं भेटली. चीनमध्ये इ. स. ८६८ साली लाकडी ठशांनी छापलेली वज्रसूत्राची एक गुंडाळी आहे. तिच्या शेवटी लिहिलंय, की वांग जिये नावाच्या माणसानं आपल्या आईवडिलांसाठी म्हणून ही फुकट वाटायला काढली. बस्स, एवढंच. अकराशे वर्षांपूर्वीचे ते आईवडील आज आपल्याला ठाऊक आहेत ते त्या एका ओळीमुळे.

आपल्याकडच्या पोथ्यांत या शेवटच्या मजकुराला ‘पुष्पिका’ असं गोड नाव आहे. लिहून लिहून पोथी संपली की लेखनिक तिथे थोडा वेळ टेकतो आणि मन मोकळं करतो. जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असेल तर दोष मला देऊ नका. (हा मनुष्य नक्की बँकेत चालला असता.) पाठ मोडली, मान वाकली, डोळे खाली लागले, एवढ्या कष्टानं लिहिलंय तर जपा. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांबरोबर सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साल. टीका केली ज्ञानेश्वरांनी आणि सच्चिदानंदबाबा झाले ‘लेखक’. त्या काळी लेखक म्हणजे ऐकून उतरवून घेणारा. तो मान शब्दासकट पुढे रचणाऱ्यानं पळवला आणि उतरवून घेणारा बिनानावाचा राहिला. तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली, आणि शेवटी बजावलं, की यात कुणी आपली ओवी घुसडील तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. ताळा केला, सही केली आणि खाली ‘खाडाखोड चालणार नाही’ असा शिक्का मारला. नाथांविषयी माझा आदर भक्तीमुळे होताच; आता तो व्यवसायबंधू म्हणूनही दुणावला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी सरांच्या वह्या ताडायला बसलो. रोज रात्री जेवणानंतर दोन तास. एका बाजूला सरांच्या कच्च्या वह्या, एका बाजूला टाइप केलेली प्रत. गणित कळत नव्हतं ते बरंच झालं. कळणारा माणूस अर्थ वाचतो आणि खूण सोडतो. मी नुसतं चिन्हाला चिन्ह लावीत गेलो. पहिल्याच आठवड्यात फरक निघाला. वहीत अधिक, प्रतीत वजा. पुढे एका ठिकाणी वहीत वर्ग, प्रतीत घन. महिन्याभरात असे एक्केचाळीस फरक निघाले. मी यादी केली, खाली सही केली आणि वर गेलो. मनात त्या अमेरिकावाल्या विद्यार्थ्याला पुरेशा शिव्या देऊन झाल्या होत्या.

सरांनी यादी घेतली. पहिला फरक पाहिला, पेन्सिल काढली, काहीतरी मांडलं. दुसरा पाहिला. तिसरा पाहिला. पाचव्याला पेन्सिल खाली ठेवली.

“प्रत बरोबर आहे. चूक माझ्या वहीत आहे.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे. त्या पोरानं इतकं केलं? आणि बोलला नाही?”

तेव्हा काकू आतून पोहे घेऊन आल्या. म्हणाल्या, “त्यानं नाही काही केलं. त्याला मी शुद्ध प्रत दिली होती, तीवरून त्यानं टाइप केलं.”

मग कपाटाच्या तळातून एक ट्रंक निघाली. ट्रंकेत सतरा वह्या. सर रात्री सुचेल तसं खरडायचे; दुसऱ्या दिवशी दुपारी, घर निजलं की काकू ते शुद्ध करून लिहायच्या. सर वर्गात न्यायचे ती काकूंची वही. मी एक्केचाळीस जागा उघडून पाहिल्या. एक्केचाळीसही जागी काकूंच्या ठसठशीत अक्षरात बरोबर चिन्ह होतं.

“तुम्हाला हे कळत होतं काकू?”

“मॅट्रिकला गणितात मला बरे मार्क होते. पुढे लग्न झालं. रोज लिहिलं की कळायला लागतं हो. वरच्या ओळीतलं वजा खालच्या ओळीत सुटलेलं दिसलं, म्हणून घातलं. त्यात काय एवढं?”

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोह्यांच्या बशीकडे पाहत म्हणाले, “तीस वर्षं माझी अशी समजूत होती, की मी लिहिताना चुकतच नाही.”

काकू म्हणाल्या, “आणि मी तशी ती राहू दिली. पोहे गार होताहेत.”

आता शेवटच्या पानाचा प्रश्न सोपा झाला असेल असं मला वाटलं. तो अवघड झाला. सरांनी मजकूर लिहायला घेतला तो तीन फुलस्केप. पहिल्या पानावर गुरुजन, दुसऱ्यावर विद्यापीठ आणि प्राचार्य, आणि तिसऱ्याच्या तळाशी ‘सहचारिणीच्या प्रेरणेने’ वगैरे. मी म्हटलं, “सर, प्रेरणा नव्हे. एक्केचाळीस दुरुस्त्या. बँकेत आम्ही प्रेरणेला इनिशियल करीत नाही, कामाला करतो.” सरांनी तिन्ही कागद फाडले. काकूंचं मत भाच्याच्या बाजूनं होतं. “शून्य करा. या वयात नाव कशाला हवंय?” अशी दोन मतं शून्याला, एक मत मजकुराला आणि सर तटस्थ. मी नाथांची गोष्ट सांगितली, सच्चिदानंदबाबांची सांगितली, फुस्ट सावकाराचीही सांगितली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि त्या अवजारवाल्यांचं काय? आपला मजकूर घातला तर त्यांची नावं जाणार ना?”

ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. ठरावीक मजकुराच्या जागी आपला घातला, की ड्राकोस आणि मूर दोघेही पुसले जातात. ज्यांनी फुकट दुभाषा पुरवला त्यांना घालवून आम्ही आमचं नाव लावणार! नाव नको म्हणणाऱ्या बाईलाच दुसऱ्याचं नाव जातंय हे दिसलं. शेवटी ठरलं, की शून्य नाही, ठरावीक नाही; आपला मजकूर, आणि त्यात त्या दोघांचीही ओळ. फक्त रूटला रजा.

भाच्यानं मजकूर आज्ञेत घातला, पण अवतरणचिन्हं विसरला. अवजारानं पहिला शब्द तेवढा मजकूर धरला आणि बाकीच्या शब्दांना फायलींची नावं समजून ‘अशा फायली नाहीत’ म्हणून कुरकुरत बसलं. टिपणं इंग्रजीत, त्यामुळे मजकूरही इंग्रजीतच होता. शेवटच्या पानावर नुसतं ‘द’ एवढंच उमटलं. सर म्हणाले, “इतक्या संक्षेपाची गरज नाही.” मग भाच्यानं तो मजकूर अवजाराच्या नियमांच्या वेगळ्या फायलीत नीट लिहिला. या फायलीच्या नावाआधी टिंब असतं आणि टिंब असलं की ती यादीत दिसत नाही. सगळं तीच चालवते आणि दिसत मात्र नाही! मी काकूंकडे पाहिलं. त्या कांदा चिरत होत्या.

पान तयार झालं. अर्थ एवढाच : गणित सरांचं. शुद्ध प्रत आणि एक्केचाळीस दुरुस्त्या काकूंच्या. त्यांचं पूर्ण नाव. टाइप केलं त्या विद्यार्थ्याचं नाव. पानं पाडली ती ड्राकोस आणि मूर यांच्या अवजारानं. ताळा केला, माझं नाव. भाच्यानं काकूंना हात धरून पडद्यापुढे बसवलं. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“एक्केचाळीस नाही हो. त्रेचाळीस.”

माइन्त्सच्या सावकाराची आठवण होऊन मला घाम फुटला. नेमकी सहीच्या कागदात चूक! वीस वर्षांत माझ्या काउंटरला फरक राहिलेला नाही. राहिला तर तो सापडेपर्यंत मी घरी गेलेलो नाही.

“दोन कुठल्या, काकू?”

“शोधा की. तुम्ही बँकेतले.”

भाच्यानं आकडा बदलला. पान आता त्रेचाळीस म्हणतं, आणि ताळा न जमता सही केल्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. आजही रात्री जेवण झालं की मी त्या सतरा वह्या घेऊन बसतो. एक सापडल्यासारखी वाटते आहे. सरांना विचारलं तर ते हसतात आणि म्हणतात, “मला विचारू नका. माझ्या चुका मला कुठे दिसतात?”